विंडोजवरून उबुंटूवरच्या पोस्टग्रेसला जोडताना
आधी एरर नीट वाचा, निम्मं निदान तिथेच होतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे बहुधा पोस्टग्रेस (डेटाबेस सर्व्हर) बाहेरचं ऐकतच नाहीये. मुळात तो फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवरचं ऐकतो. मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये (पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ) 'लिसन_ॲड्रेसेस'च्या ओळीच्या सुरुवातीचा हॅश (#) काढून लोकलहोस्टच्या जोडीला सर्व्हरचा आयपी द्या. पुष्कळ जण इथे आपल्या लॅपटॉपचा आयपी टाकतात आणि तासभर डोकं धरून बसतात. या बदलाला रीलोड पुरत नाही, रीस्टार्टच लागतो.

'नो पीजी_एचबीए एन्ट्री' आलं तर खुश व्हा, दारापर्यंत पोचलात. कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये एक ओळ घाला: होस्ट, डेटाबेस, युजर, लॅपटॉपचा आयपी (समजा १९२.१६८.१.२५/३२; /३२ म्हणजे तेवढा एकच पत्ता), शेवटी स्क्रॅम-शा-२५६ ही पासवर्ड तपासायची पद्धत. इथे रीलोड पुरे. जुळणारी पहिली ओळच चालते, त्यामुळे वर 'रिजेक्ट' असेल तर खालचं सगळं वाया. ०.०.०.०/० (म्हणजे कुठलाही आयपी) टाकून मोकळं होऊ नका.

नुसताच टाइमआउट? फायरवॉल. यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूचं फायरवॉल साधन) पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट लॅपटॉपच्या तेवढ्या एका आयपीला उघडा.

आणि उबुंटूवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या असतील तर दुसरी सहसा ५४३३ वर बसते. भलतीच फाइल बदलत नाही ना, हे पोस्टग्रेसमध्ये 'शो एचबीए_फाइल' चालवून बघा.