निरागस दिसणारी गुन्हेगार नायिका रंगवताना या चुका टाळा

दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहिणाऱ्यांना एक नायिका फार आवडते: शेवटच्या पानापर्यंत गरीब गाय वाटणारी आणि प्रत्यक्षात साऱ्यांना बोटांवर नाचवणारी. अशा कथांबद्दल वाचकाची तक्रार बहुधा दोहोंपैकी एक असते. एक तर त्याला सारे तिसऱ्याच पानावर कळलेले असते, नाही तर लेखकाने आपल्याला फसवले असे त्याला वाटते. तक्रारी उलट दिशेच्या असल्या तरी दोहोंचे मूळ एकच आहे. लेखकाने नायिकेला खोटे बोलायला लावून तिचे काम सोपे केलेले असते. कसबी नायिका सहसा खोटे बोलतच नाही. आपल्याला हवा असलेला निष्कर्ष ती समोरच्याला स्वतःहून काढू देते.

उदाहरणासाठी सांगलीच्या हळद बाजारातील एक कल्पित अडत दुकान घेऊ. काळ 1990 च्या दशकातला आहे. मालकाची पत्नी सुमन ही आपली नायिका. मालकाची हळद हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, साठवलेली आहे. पेव उघडल्यावर आत कोंडलेली दूषित हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नाही, हे तिथल्या प्रत्येक हमालाला ठाऊक असते. तरीही एके दिवशी मालक स्वतः माल पाहायला पेवात उतरतो आणि गुदमरून मरतो.

निरागसपणा कपड्यांत आणि अश्रूंत शोधणे

पहिल्या खर्ड्यात सुमन हटकून फिकट साडीत, खाली मान घालून बसलेली असते आणि फौजदारापुढे हुंदके देत ‘मला यातलं काहीच माहीत नाही हो’ असे म्हणते. सराईत वाचक तिथेच तिच्यावर खूण करून ठेवतो, कारण रहस्यकथेत सर्वाधिक रडणाऱ्या बाईवरच संशय घ्यायचा असतो, हे त्याला आता पाठ झाले आहे. निरागसपणा दाखवायचा तर तो चांगुलपणाच्या कृतीतून दाखवावा, आणि तीच कृती पुढे सापळा ठरावी.

दुकानातील वयस्क दिवाणजींच्या मुलीचे लग्न तोंडावर आले आहे. सुमन त्यांना म्हणते, ‘काका, सकाळी मिरजेला जाऊन बस्त्याचं बघून या. मालकांना मी सांभाळते.’ पेव सकाळीच उघडून ठेवण्याचे काम दिवाणजींकडे असते. ते दुपारी धावतपळत हरिपूरला येऊन घाईघाईने झाकण काढवून घेतात. थोड्याच वेळात मालक येतो. चार हमालांसमोर सुमन सहज विचारते, ‘पेव सकाळीच उघडलं ना हो, काका?’ चोरून घेतलेली रजा मालकापुढे उघड होऊ नये म्हणून दिवाणजी ‘हो’ म्हणतात, आणि मालक उतरतो. सुमनने केवळ एक प्रश्न विचारलेला असतो, खोटे बोललेले असतात ते दिवाणजी.

पुढे चौकशीत ती त्यांचीच बाजू घेते: ‘दिवाणजींना फार विचारू नका, साहेब. लग्नाच्या खर्चापायी जीव टांगणीला लागलाय त्यांचा.’ यातील एकही शब्द खोटा नाही, पण फौजदाराच्या वहीत दिवाणजींच्या नावापुढे पैशाची अडचण लिहिली जाते. एखाद्याचा बचाव करता करता त्याला अडकवणे हे आरोप करण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक असते, कारण ऐकणाऱ्याला तो शोध आपण स्वतः लावला असे वाटते.

निवेदकाला खोटे बोलायला लावणे

वाचकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते ते बहुतेक वेळा येथे. तृतीयपुरुषी निवेदनात ‘बातमी ऐकून सुमनला धक्का बसला’ असे वाक्य लिहिले, की खोटे बोलणारा सुमन नसून निवेदक ठरतो, आणि वाचक निवेदकाला क्षमा करत नाही. त्याऐवजी ‘सुमनच्या हातातील कप बशीवर वाजला’ असे लिहिले तर जे दिसले तेवढेच सांगितले जाते; त्याचा अर्थ लावण्याची चूक वाचकाची स्वतःची राहते. खर्डा पूर्ण झाल्यावर नायिकेच्या मनाविषयीचे प्रत्येक वाक्य शेवट माहीत असलेल्या माणसाच्या नजरेने वाचावे आणि जे त्या नजरेला असत्य ठरेल ते निर्दयपणे काढून टाकावे. रजेचा प्रसंगही वाचकाने डोळ्यांदेखत पाहिलेला हवा. शेवटी आठवण म्हणून तो सांगणे हा चक्क अन्याय आहे.

बाकीच्यांना बावळट करून नायिकेला हुशार ठरवण्याचा मोह असाच घातक आहे. दिवाणजींची हयात सौद्यांत गेली आहे. ते अडकतात ते भिडेमुळे, मूर्खपणामुळे नव्हे. फौजदारालाही सुमनवर विश्वास ठेवण्यासाठी त्याचे स्वतःचे कारण द्यावे.

शेवटच्या पानावर अचानक उगवणाऱ्या दुःखी बालपणाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. हेतू आधीपासून पेरता येत नसेल तर तो सांगूच नये. ‘बायका अशाच कपटी’ या सुराचे समर्थन तर कथेला त्याहूनही स्वस्त करते.

काळ आणि कायदा यांची गल्लत

2005 च्या महापुरात हरिपूरच्या अनेक पेवांचे नुकसान झाले, त्यामुळे आजच्या काळातील कथेत भरलेले पेव दाखवताना त्याचा खुलासा करावा लागेल. काळ बदलला की कायद्याची कलमेही बदलतात. 1 जुलै 2024 पासून खुनाचे कलम भारतीय न्याय संहितेतील 103 आहे. आपल्या कथेत मात्र भारतीय दंड संहितेचे 302 च हवे. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक न करण्याचा नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत 2006 साली लागू झाला, म्हणून 1990 च्या दशकातील वकिलाच्या तोंडी ते कलम घालू नये. साक्षीदार स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, ही तरतूद मात्र तेव्हाही होती. नायिकेला ती फारच सोयीची आहे, कारण जबाब तिच्या घरात, तिच्या हातचा चहा घेत होतो.

सर्वांत मोठी चूक शेवटच्या प्रसंगात होते. नायिका फौजदारापुढे दोन पानांचा कबुलीजबाब देते आणि कथा संपते. पोलिसांपुढील अशी कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय पुरावा अधिनियमात हे कलम 25 मध्ये होते, आता ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट हाती लागली तर त्या शोधाशी संबंधित भाग तेवढा ग्राह्य ठरतो, आणि सुमनच्या गुन्ह्यात तर हाती लागण्यासारखी वस्तूच नाही. तिचा बेत उलगडू शकणारे एकटे दिवाणजी उरतात, पण त्यांना बोलायचे तर चोरून घेतलेली रजा आणि हमालांसमोर उच्चारलेले ते ‘हो’ आधी स्वतः मान्य करावे लागेल. म्हणून कबुलीचा प्रसंग लिहायचाच असेल तर तो दिवाणजी आणि फौजदार यांच्यात लिहावा, आणि त्या वेळी सुमन खोलीत नसावी.