साथ सुरू असताना एसटीने गावी जायचं तर

मी वाहक. मुंबई–कणकवली मार्गावर नोकरीचा बराच काळ गेला. खाली लिहितोय ते करोनासारख्या किंवा फ्लूसारख्या, हवेतून पसरणाऱ्या आजारासाठी. पटकी-काविळीची साथ असेल तर वेगळं, तिथे पाणी सांभाळायचं.

आधी एक गोष्ट. ताप, खोकला, अंगदुखी असेल तर निघू नका. निघायच्या सकाळी तापमान मोजा. "गोळी घेतलीय, उतरेल" म्हणणारे दर फेरीला भेटतात. गोळीने ताप दबतो, शेजाऱ्याला होणारी लागण थांबत नाही. आरक्षण असेल तर रद्द करा. थोडे पैसे कापतील, कापू देत.

आता गाडी कुठली घ्यायची? ज्या गाडीच्या काचा उघडतात ती. एसी गाडीत तीच हवा पुन्हा पुन्हा फिरते, आणि स्लीपरचा पडदा ओढला म्हणजे आपण वेगळे झालो असं समजू नका, पडद्याने हवा अडत नाही. जिल्ह्याबाहेरची एसटी २० ऑगस्ट २०२० ला पुन्हा सुरू झाली तेव्हा निम्मेच प्रवासी घ्यायचे होते, ४४ सीटच्या गाडीत २२, एका बाकावर एक. सप्टेंबरात गाडी पूर्ण भरायला परवानगी मिळाली आणि त्यानंतर सगळा भार काचेवर आला. म्हणून खिडकीची सीट घ्या, आणि काच तुमच्या ताब्यात ठेवा.

कोकणात खरी पंचाईत पावसाची. गणपतीला गाडी भरलेली, पेण ओलांडलं की सर येते आणि सगळ्या काचा धडाधड बंद होतात. आत दमट, कोंदट हवा आणि चाळीस माणसं. काच पूर्ण बंद करू नका. पुढे सरकवून मागच्या कडेला चार बोटं फट ठेवा. पाऊस समोरून मारतो, त्यामुळे मागच्या फटीतून पाणी कमी येतं. मांडीवर रेनकोट टाका. एकट्या तुमच्या फटीने भागत नाही, समोरच्या बाजूचीही एखादी काच उघडी हवी, म्हणजे हवा आरपार जाईल. शेजारी कुरकुरला तर मला हाक मारा, मी सांगतो.

मास्क नाकावर हवा हे सगळ्यांना पाठ आहे. एन-९५ उत्तम, पण पुढे गोल झडप असलेला नको. त्यातून तुमचा श्वास न गाळता बाहेर येतो. ओला झालेला मास्क बदला, म्हणून दोन-तीन जास्तीचे कागदी पिशवीत ठेवा. मी पाहिलेली गंमत अशी की दिवसभर मास्क नीट लावणारा माणूसही तिकीट मागताना तो हनुवटीवर ओढतो, कारण इंजिनच्या आवाजात ऐकू जात नाही. म्हणजे नेमका माझ्या तोंडासमोर! उतरायचं गाव मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा. सुटे पैसे तयार ठेवा. आणि नोटा मोजताना बोटाला थुंकी लावू नका, ही सवय आमच्या खात्यातही सुटायला वेळ लागला.

हातांना सॅनिटायझर लावाच, त्यात अल्कोहोल निदान ६० टक्के हवं. पण दांडे, सीट, बॅगा पुसत बसण्यात तासभर घालवू नका. तो वेळ काचेकडे द्या.

माझ्या मते सगळ्यात धोक्याची जागा गाडी नाही, जेवणाचा थांबा आहे. पाच-सहा तास सांभाळलेली माणसं हॉटेलच्या बंद खोलीत एकाच टेबलावर तोंड उघडून बसतात, वर गप्पा. घरून भाकरी-चटणी किंवा दशम्या आणा, गाडीबाहेर मोकळ्यावर उभं राहून खा. चहाही बाहेरच. संडासाला जायचं तर गाडी थांबल्या थांबल्या होणारी गर्दी ओसरू द्या. दहा मिनिटं तर थांबतोच आम्ही.

पोलादपूर सोडलं की कशेडी घाट. ज्यांना गाडी लागते त्यांनी त्याआधी पोटभर खाऊ नये, गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्यावी. उलटी येतेय असं वाटलं तर मास्क लगेच काढा, लाजू नका. श्वास अडण्यापेक्षा ते बरं. जवळ पिशवी ठेवा, मग नवा मास्क लावा.

गावी पोचल्यावर आजी-आजोबांच्या गळ्यात पडायची घाई नको. करोनाची लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात, बहुतेकांना पाच-सहा दिवसांत कळतं. त्यामुळे उतरल्या उतरल्या चाचणी केली आणि ती निगेटिव्ह आली तरी निश्चिंत होऊ नका. पहिले काही दिवस पडवीत झोपा, जेवायला अंगणात बसा, घरात म्हाताऱ्यांजवळ मास्क लावा. घरात ऑक्सिमीटर असेल तर बरं. आकडा ९४ च्या खाली जायला लागला किंवा दम लागला तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि तिकीट फेकू नका. त्यावर तारीख-वेळ छापलेली असते. दोन आठवडे पाकिटात राहू द्या. ताप आलाच तर आशाताई पहिलं विचारतील, कुठल्या गाडीने आलात.