कम्युनिटी प्रोजेक्ट शिकवायला घेताना: पुण्यातल्या नव्या प्राध्यापकांसाठी

नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून पुण्यातल्या महाविद्यालयांच्या वेळापत्रकात ‘सीईपी’ दिसू लागलं आहे, म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट. नुकत्याच रुजू झालेल्या किंवा सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे हे काम पुष्कळदा येतं, आणि ते कसं करायचं हे सांगणारं जवळपास कुणी नसतं. मी पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवते. मुलांना घेऊन नदीवर आणि वस्त्यांमध्ये काम करताना जे हाती लागलं, ते इथे लिहिते आहे. नीट बेतलं, तर विषय शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) १९६९ पासून आहे. वर्षाचे १२० तास, सात दिवसांचं शिबिर, दत्तक गाव हे सगळं तिथे चालतं आणि मुलांना घडवतं. पण तिथे इतिहासाची मुलगी आणि मायक्रोबायोलॉजीचा मुलगा खांद्याला खांदा लावून एकच काम करतात. सीईपी तुमच्या विषयाच्या क्रेडिटमध्ये मोजला जातो. म्हणून प्रकल्प ठरवताना मी स्वतःला विचारते: माझा विषय न शिकलेल्या मुलांनी हेच काम इतकंच चांगलं केलं असतं का? उत्तर ‘हो’ आलं, तर ते काम एनएसएसकडे द्यावं. टेकडीवर झाडं लावणं चांगलंच आहे. पण वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी लावायची, तर कुठली स्थानिक जात, कुठल्या उतारावर आणि का, हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

माझं उदाहरण मुठा नदीचं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत आमच्या प्रात्यक्षिकांत आधीपासून होती. मुलं नळाचं पाणी घ्यायची, टायट्रेशन करायची, स्टार्चचा निळा रंग गेला की रीडिंग जर्नलमध्ये लिहायची. मग नदीकाठच्या एका वस्तीतल्या बायकांनी विचारलं, उन्हाळ्यात दुपारी वास इतका का वाढतो? हा प्रश्न आम्ही वर्गात नेला आणि दोन-तीन घटक आपसूक उघडले.

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. पुस्तकातला तक्ता २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम आणि ३० अंशांना सुमारे ७.६ सांगतो. पण हे आकडे समुद्रसपाटीचे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब कमी. हेन्रीचा नियम (वरचा दाब कमी, तर पाण्यात वायू कमी विरघळतो) लावून आपल्या गावचा आकडा काढा म्हटलं, की मुलं पहिल्यांदा त्या नियमाकडे गरजेची वस्तू म्हणून बघतात. त्यात सांडपाणी मिसळलं की जिवाणू उरलेला ऑक्सिजन संपवतात, आणि तो संपल्यावर सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. दुपारचा वास तो.

प्रत्यक्ष मोजताना आणखी गंमत येते. नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत आणेपर्यंत जिवाणू थांबत नाहीत, म्हणून नदीवरच रसायनं घालून ऑक्सिजन पकडून ठेवावा लागतो. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं वाया. सांडपाण्यातलं नायट्राइट टायट्रेशन बिघडवतं, म्हणून अझाइड वापरावं लागतं. ते विषारी असल्यामुळे द्रावण शिक्षकानेच करून न्यायचं, मुलांच्या हाती सोपवायचं नाही. ती रसायनं घातल्यावर पाण्यात ऑक्सिजन असेल तर साका, म्हणजे खाली बसणारा गाळ, तपकिरी होतो. नसेल तर पांढराच राहतो. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं तपकिरीच बघितलेल्या मुलांपुढे पांढरा साका येतो, तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पुढे २०० मिली नमुन्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट घेतलं, की ब्युरेटमधला एक मिली म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. हा सरळ हिशेब का जुळतो, हे व्हायवाला विचारा. पाठ केलेलं आणि समजलेलं लगेच वेगळं होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत उघड्यावर अंघोळीच्या पाण्यात किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमच्या आत लागतो. विठ्ठलवाडी, ओंकारेश्वर, संगम असे वरून खाली नमुने घेऊन मुलं या रेषेशी ताडून बघू शकतात.

हे विज्ञानापुरतंच नाही. वाणिज्य शाखेतल्या माझ्या सहकाऱ्यांनी बचत गटाच्या वह्या घेतल्या. ताईंचा प्रश्न होता, गट महिन्याला २ टक्के घेतो आणि बाहेरचा एजंट वर्षाला १२ टक्के म्हणतो, मग गटाकडून का घ्यायचं? एजंटचे १२ टक्के फ्लॅट रेटने असतात. १०,००० रुपये, १२ हप्ते: व्याज १,२००, हप्ता ९३३. मुद्दल दर महिन्याला उतरतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर. घटत्या मुद्दलावर मांडलं तर तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. गटाचे २ टक्के उरलेल्या मुद्दलावरच लागतात, त्यामुळे तेच कर्ज गटाकडून घेऊन समान हप्त्यांनी फेडलं तर व्याज सुमारे १,३५०. ऐकताना दुप्पट वाटणारा फरक दीडशे रुपयांचा निघाला, आणि गटाचं व्याज गटातच राहतं. एसवायच्या मुलांनी हे ताईंसमोर फळ्यावर मांडलं. चक्रवाढीचं सूत्र त्या मुलांना आता विसरता येणार नाही.

दोन्हीकडे प्रश्न लोकांकडून आला, आणि माझ्या मते सगळं यावरच अवलंबून आहे. रॉबर्ट सिग्मन या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ मध्ये सेवा-अध्ययनाची, म्हणजे लोकांसाठी काम करता करता शिकण्याची, तीन तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच असं, की सेवा काय असावी हे ज्यांच्यासाठी ती आहे त्यांनी ठरवावं. पुण्यात याचा दाखला फार जवळचा आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या इथल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने कचरावेचक मुलांसाठी वर्ग सुरू केले. शिकवणारे लोक त्या मुलांबरोबर आणि आयांबरोबर कचराकुंड्यांपर्यंत गेले, तेव्हा अक्षरओळखीच्या आधीचे प्रश्न दिसले: ओला-सुका वेगळा न केलेल्या घाणीत हात घालावे लागणं, चोर म्हणून हटकलं जाणं, कामाला काम न मानलं जाणं. त्यातून १९९३ मध्ये, डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २००८ मध्ये तिच्यातूनच आलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम या बायकांकडे आलं. विद्यापीठाचा एक विभाग लोकांचं ऐकत राहिला, म्हणून इतक्या लांबचा पल्ला गाठला गेला. नव्या प्राध्यापकांनी हा इतिहास मुलांना पहिल्याच तासाला सांगावा असं मला मनापासून वाटतं.

आता थोडं व्यवहाराचं. क्षेत्रकामाच्या एका क्रेडिटला सेमिस्टरमध्ये ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटला ६०. हे सगळे तास वस्तीत घालवू नका. निम्मे तरी वर्गात ठेवा: आधी तयारीला, नंतर बोलायला. नदीचं काम पावसाळ्यात नको. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि पातळ झालेल्या पाण्याचे आकडेही वर्षभराचं चित्र दाखवत नाहीत. वस्तीत घरोघरी सर्व्हे करायचा तर नळाच्या वेळी जाऊ नका. आणि फक्त दुपारीच गेलात, तर कामाला गेलेल्या बायका तुमच्या नमुन्यातून गळतील. संख्याशास्त्राच्या मुलांना नमुन्यातला कल (बायस) शिकवायला हेच उदाहरण घ्या. फोटो विचारून काढायचे, लहान मुलांचे शक्यतो नाहीच. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला जिओ-टॅग फोटो लागतात हे खरं, पण त्यात बाटल्या, फळा, आपली मुलं दिसली तरी चालतं.

परतल्यावरच्या तासाला ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न मी विचारत नाही. त्याला ‘छान वाटलं, जाणीव झाली’ याच्या पुढचं उत्तर येत नाही. मी विचारते: पुस्तकातलं कुठलं गृहीतक तिथे लागू पडलं नाही? तुमचा आकडा चुकीचा असेल तर कशामुळे? सकाळी सहाला नमुना घेतला असता तर काय बदललं असतं? या शेवटच्या प्रश्नावर एकदा पूर्ण तास गेला, शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणापर्यंत. गुणही याच उत्तरांना द्या. हजेरीच्या तासांना गुण दिले, की मुलं तासच जमवतात.

निष्कर्ष वस्तीला परत द्यायचेच, आणि त्यालाही गुण ठेवायचे. एका पानावर, मराठीत, बीओडीसारखा शब्द न वापरता लिहून, त्यांच्या सोयीच्या वेळी बसून वाचून दाखवायचं. रसायनशास्त्र खरंच कळलंय का याची इतकी कडक परीक्षा विद्यापीठाच्या पेपरमध्ये नसते. एका काकूंनी विचारलं, ‘मग आता अर्ज कुणाकडे करायचा?’ मुलांनी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाचा रस्ता शोधला आणि अर्जाला आपला तक्ता जोडला. तो तक्ता, पत्ते, कुणाशी कधी बोलायचं हे सगळं एका वहीत राहतं आणि ती वही पुढच्या बॅचला मिळते, म्हणजे वस्तीला दर वर्षी पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

पहिल्या वर्षी एक वस्ती, एक घटक, एक बॅच इतकंच घ्या. विभागप्रमुखांशी आणि वस्तीतल्या ताईंशी बोलणी दिवाळीच्या सुट्टीआधी उरका, कारण जानेवारी ते मार्च हेच नदीवर उतरायचे महिने आहेत.