नवीन पेज नंतर, आधी अडकलेलं पेज वर आणा

गूगल सर्चमध्ये आपल्या वेबसाइटचं रँकिंग वाढवायचंय म्हटलं की बरेच जण धडाधड नवीन पेजेस टाकत सुटतात, पण लवकर फरक दिसतो तो जुन्या पेजवर काम केलं की. गूगल सर्च कन्सोल उघडा (आपली साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल, फुकट आहे), परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये ॲव्हरेज पोझिशन (सर्चमध्ये पेज सरासरी कितव्या नंबरवर दिसतं ते) ऑन करा आणि ८ ते २० नंबरच्या आसपास लटकलेली पेजेस शोधा. इम्प्रेशन्स (सर्चमध्ये पेज किती वेळा दिसलं ते) भरपूर पण क्लिक जवळपास नाहीतच असं पेज दिसलं की त्याच्या क्वेरीज, म्हणजे सर्चमध्ये टाकलेले शब्द, बघा, लोक काय टाईप करतात ते तिथे त्यांच्याच शब्दांत असतं.

मग ती क्वेरी स्वतः सर्च करा आणि वर आलेली पेजेस नीट वाचा, ही स्टेप प्लीज गाळू नका. समजा लोक शोधतायत 'सायकलची चेन कशी बदलायची' आणि तुमचं पेज सुरू होतंय सायकल चालवण्याच्या फायद्यांपासून, तर वाचणारा थांबेल कशाला? उत्तर पहिल्याच पॅरात द्या, टायटलमध्ये मुख्य शब्द सुरुवातीला घ्या, आणि वरच्या पेजेसनी जे सांगितलेलं नाही पण तुम्हाला कामातून माहितीये ते घाला, मोजमाप, स्वतः काढलेले फोटो, कुठे गडबड होते ते. तोच कीवर्ड दहा वेळा कोंबू नका. मेटा कीवर्ड्स टॅग (पेजच्या कोडमधली कीवर्ड्सची यादी) तर सोडूनच द्या, गूगलने २००९ मध्येच सांगितलंय की रँकिंगसाठी तो बघत नाही. मेटा डिस्क्रिप्शनने (सर्चमध्ये टायटलखाली दिसू शकणारं पेजचं छोटं वर्णन) रँक वाढत नाही पण क्लिक वाढू शकतात, म्हणून ते मन लावून लिहा.

एकाच विषयावर दोन पेजेस असतील तर ती एकत्र करा आणि जुन्या लिंकवरून ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुनी लिंक उघडणारा कायमचा नव्या पेजवर जाईल. तुमच्या साइटवरच्या चांगला ट्रॅफिक असलेल्या पेजवरून या पेजला लिंक द्या, पण 'इथे क्लिक करा' असं नको, विषयाचं नाव लिहा.

पेज किती लवकर उघडतं ते गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या टूलवर चेक करा. मोबाईलचे आकडे बघा, एलसीपी (पेजवरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत हवा. बहुतेक वेळा जड फोटोच नडतात, साईझ कमी करा, वेबपी हा हलका फोटो फॉरमॅट वापरा, आणि सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला लेझी लोड (स्क्रोल करून जवळ गेल्यावरच फोटो लोड होणं) लावू नका.

झालं की सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून रिक्वेस्ट इंडेक्सिंग करा, म्हणजे गूगलला पेज पुन्हा तपासायला सांगा, बदलाची तारीख लिहून ठेवा आणि काही आठवडे त्या पेजला हात लावू नका, नाहीतर कशामुळे काय हललं ते कळणारच नाही.