माइनक्राफ्टमध्ये जमिनीखालीच राहायचं असेल तर

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) व्हिडिओ गेममध्ये जमिनीखालून वर यायचंच नाही असं ठरवलं की नवखा खेळाडू आधी हिऱ्यांमागे लागतो. माझं स्पष्ट मत आहे की हिरे शेवटी. खाली दगड, कोळसा, लोखंड लागेल तेवढं सापडतं. पंचाईत होते ती लाकडाची. लाकूड नसेल तर काठी नाही, आणि काठीशिवाय ना टॉर्च, ना दगड फोडायचं पिकॅक्स. पडक्या खाणीतल्या फळ्या मिळाल्या तर उत्तमच, पण खाण लवकर सापडेल याचा भरवसा नसतो.

मी पाळतो तो नियम असा: पहिला दिवस वर, अंधार पडायच्या आत खाली. वर असताना दोनच कामं करायची. पहिलं लाकूडतोड, एका ओंडक्यातून चार फळ्या, त्यातून आठ काठ्या आणि कोळसा हाताशी असेल तर 32 टॉर्च होतात. दुसरं काम अझेलियाचं झाड शोधायचं. गुलाबी फुलांमुळे ते लांबूनही ओळखू येतं. त्याच्या बुंध्याखालून मुळांची माती सरळ खाली गेलेली असते आणि खाली लश केव्ह, म्हणजे झाडावेलींनी भरलेली गुहा असते. त्या मातीच्या कडेकडेने पायऱ्या खोदत उतरा. सरळ पायाखाली खोदत जाऊ नका, खाली लाव्हा असू शकतो.

लश केव्ह सापडली की निम्मं काम झालं. तिथल्या मॉसवर, म्हणजे हिरव्या शेवाळाच्या ब्लॉकवर, बोन मील (हाडांची भुकटी) टाकून बघा. आजूबाजूचा दगडही शेवाळ होतो, वर गवत आणि अझेलियाची झुडपं उगवतात. गवत तोडलं की अधूनमधून गव्हाचं बी पडतं. झुडपावर पुन्हा बोन मील टाका, डोक्यावर मोकळी जागा असेल तर झाड होतं आणि त्याचा ओंडका ओकचा असतो. झाडाखालच्या ब्लॉकची मुळांची माती होते. तिच्यावर शेतीची कुदळ चालवली की साधी माती मिळते. म्हणजे लाकूड, बी आणि शेतजमीन, तिन्ही हाडांच्या भुकटीतून. एका हाडाचं तीन बोन मील होतं आणि हाडं द्यायला सांगाडे अंधारात हजर असतातच.

शेतात मधोमध पाण्याचा एक ब्लॉक ठेवा, चारही बाजूंना चार ब्लॉकपर्यंत माती ओली राहते. गव्हाला प्रकाशाची पातळी (0 ते 15 मधली) 9 तरी लागते, टॉर्चची 14 असते. पीक येईपर्यंत लश केव्हमधल्या वेलींची ग्लो बेरी खा. तिने पोट फार भरत नाही, पण बेरी लागलेल्या वेलीचा उजेडही टॉर्चएवढाच पडतो. अळंबी लावायची तर प्रकाश 12 किंवा त्याहून कमी हवा, म्हणून ती टॉर्चपासून दोन ब्लॉक सोडून लावा. एक लाल, एक तपकिरी आणि लाकडी वाडगा एवढ्यावर बरं पोटभर सूप होतं.

30 नोव्हेंबर 2021 ला आलेल्या 1.18 या आवृत्तीपासून राक्षस फक्त शून्य प्रकाशात जन्मतात. त्यामुळे पूर्वीसारखी टॉर्चची गर्दी करावी लागत नाही. तरी आडवे फाटे, कोनाडे तपासा. क्रीपर, म्हणजे जवळ येऊन फुटणारा राक्षस, तिथूनच येतो.

पलंगासाठी मेंढी नको. कोळ्यांचे चार धागे म्हणजे एक लोकर, अशा तीन लोकरी आणि तीन फळ्या. डोक्यावर दगड असल्यामुळे फँटमची (न झोपणाऱ्यांवर आकाशातून झेपावणाऱ्या राक्षसाची) भीती नाही, पण मेल्यावर घरी परत यायला पलंग हवाच.

हे सगळं बसलं की मग हिरे. ते Y (खेळातली उंची) -59 च्या आसपास जास्त मिळतात, पण -54 पासून खाली गुहांमध्ये लाव्हा भरलेला असतो. पाण्याची बादली कायम हातातल्या नऊ खणांत ठेवा. काळपट-निळसर स्कल्क (वॉर्डन या राक्षसाच्या भागातला ब्लॉक) दिसू लागला की वाकून चाला आणि मागे फिरा. 500 हेल्थच्या वॉर्डनशी लढण्यात नव्या माणसाने पडूच नये.

फर्नेससाठी, म्हणजे वितळवायच्या भट्टीसाठी, कोळसा जाळत बसू नका. एका ब्लॉकखाली टोकदार ड्रिपस्टोन (गुहेच्या छताला लटकणारा सुळक्यासारखा दगड) लटकवा, ब्लॉकच्या वर लाव्हा आणि ड्रिपस्टोनच्या खाली कढई ठेवा. ठिबकून ठिबकून कढई भरते, लाव्हा संपत नाही, आणि एका बादलीत 100 वस्तू वितळतात. अशा चार-पाच कढया ओळीने मांडल्या की कोळसा फक्त टॉर्चसाठी उरतो.