घरी भरलेल्या जुन्या कॅसेट संगणकात कशा उतरवाव्यात

बाजारातल्या छापील गाण्यांच्या कॅसेट बाजूला ठेवा, ती गाणी दुसरीकडे मिळतात. हा लेख आहे घरी भरलेल्या कॅसेटसाठी. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती म्हटलेली गाणी. यांची दुसरी प्रत कुठेही नाही, त्यामुळे काम एकदाच करायचं आणि नीट करायचं.

थेट यूएसबीला जोडायचे स्वस्त कॅसेट प्लेअर घेऊ नका. कितीही लोकांनी सुचवले तरी नको. त्यांची यंत्रणा हलकी असते, वेग डगमगतो आणि लांबलेले सूर थरथरतात. माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर किंवा टू-इन-वन त्यापेक्षा कितीतरी चांगला. घरी नसेल तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार गाठा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण कॅसेटची चाकं हलत नाहीत, असं मशीन बिनधास्त घ्या. त्यात बहुतेक वेळा फक्त बेल्ट गेलेला असतो. जुना रबरी बेल्ट विरघळून काळा चिकट लगदा झालेला असेल, तर तो मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) द्रावणाने आणि कापसाच्या काडीने पूर्ण पुसून काढा. नवीन बेल्ट लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ विचारा, आणि जुना ताणलेला असतो म्हणून मापाने थोडा लहानच घ्या. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा धातूचा भाग), कॅप्स्टनचा दांडा (फीत ओढणारी फिरती सळई) आणि पिंच रोलर (फीत त्या दांड्यावर दाबणारं रबरी चाक) त्याच आयपीएने पुसा. थिनर आणि पेट्रोल रबराच्या आसपासही नको.

कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी तिच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान तोडा. प्ले आणि रेकॉर्डची बटणं शेजारी असतात. घाईत लाल बटण दाबलं गेलं तर आवाज कायमचा पुसला जातो. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे पळवा आणि परत मागे आणा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. फितीमागे स्प्रिंगवर नमद्याची छोटी गादी असते. ती गळून पडली असेल तर टाकाऊ कॅसेटमधली काढून लावा. फितीवर पांढरी बुरशी दिसली, कोकणातल्या घरांत ती हमखास दिसते, तर ती कॅसेट तूर्त वेगळी ठेवा. बुरशी हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

आता खरं काम. मला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते हेडच्या कोनाशी, आणि बहुतेक मार्गदर्शनांत त्याचा उल्लेखही नसतो.

हेडच्या मध्यभागी एक अतिसूक्ष्म उभी फट असते. फितीवर ध्वनी भरतो तो याच फटीच्या रेषेत. वाजवणाऱ्या हेडची फट त्या रेषेशी समांतर नसेल, तर फितीच्या वरच्या कडेला लाटेचा एक भाग वाचला जातो, खालच्या कडेला दुसरा, आणि दोन्ही एकमेकांना मारतात. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर धावते, म्हणजे 10,000 हर्ट्‌झच्या एका लाटेला फितीवर जेमतेम 4.76 मायक्रॉन जागा मिळते. मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या, रेकॉर्डिंगचा पट्टा साधारण दीड मिलिमीटर रुंद असतो. हिशेब करून पाहा: हेड एका अंशाच्या पाचव्या हिश्श्याइतकं कललं तरी त्या लाटा जवळपास नाहीशा होतात. ‘स’ आणि ‘श’ गिळले जातात, टाळांची किणकिण जाते, बोलणारा माणूस तोंडावर उशी धरून बोलतोय असं वाटतं.

याला लोक ‘फीत जुनी झाली’ म्हणतात आणि ट्रेबल वाढवतात. हा सल्ला मला सहन होत नाही. ट्रेबल वाढवल्याने फक्त खरखर वाढते. जो आवाज हेडने वाचलाच नाही तो कुठून येणार? फितीवर तो बऱ्याचदा शाबूत असतो.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. बरोबर कोन म्हणजे कारखान्याने ठरवलेला कोन नव्हे. ज्या मशीनवर ती कॅसेट भरली, त्या मशीनचं हेड जितकं कललेलं होतं तितकाच कोन त्या कॅसेटसाठी बरोबर. काकांच्या मशीनवरची कॅसेट वेगळी आणि शेजाऱ्यांकडून आणलेल्या मशीनवरची वेगळी. म्हणून प्रत्येक कॅसेटला, आणि तिच्या दोन्ही बाजूंना, हे जुळवून घ्यावंच लागतं.

हेड दोन स्क्रूंवर बसवलेलं असतं. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तोच आपला. दुसऱ्याला हात लावू नका. प्ले दाबल्यावर हेड पुढे सरकतं आणि बऱ्याच मशीनमध्ये तेव्हाच हा स्क्रू समोरच्या बारीक भोकाखाली येतो. भोक नसेल तर दाराचं प्लास्टिकचं झाकण उतरवा. स्क्रूची मूळ स्थिती मार्करने खुणावून ठेवा. त्यावर लाखेचा ठिपका असेल तर तो हलकेच खरवडा. चुंबक लागलेला स्क्रूड्रायव्हर हेडजवळ नेऊ नका.

कॅसेटमधला असा भाग शोधा जिथे कुणी स्पष्ट बोलतंय किंवा टाळ-चिपळ्या वाजताहेत. हेडफोन लावून ऐका आणि ऐकताना आवाज मोनो ठेवा. मशीन स्टेरिओ असेल तर विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करता येतो. दोन चॅनेल एकत्र आले की कोनाची चूक लपत नाही. संगणकातून ऐकताना (जोडणी पुढे सांगितली आहे) आवाज जरा उशिरा येतो, त्यामुळे स्क्रू थोडा फिरवायचा, थांबायचं, ऐकायचं. एका फेऱ्याच्या आठव्या हिश्श्याहून जास्त एकदम नको. आवाज उघडत जाईल, मग पुन्हा मंद होऊ लागेल. तो मंद होईपर्यंत मुद्दाम पुढे जा आणि मग परत या; दोन्हीकडचा अंधुकपणा ऐकल्याशिवाय मधली जागा कळत नाही. मूळ खुणेपासून अर्ध्या फेऱ्यापलीकडे जाण्याची गरज पडली तर थांबा. हेड जास्त उंच-खाली झालं की फीत कडेला दुमडते, आणि ती दुमड जात नाही.

वेगाची काळजी इतकी करू नका, तो नंतर संगणकात सुधारता येतो. मूळ रेकॉर्डिंग विजेवर चालणाऱ्या मशीनवर झालं असेल तर त्यात 50 हर्ट्‌झची गुणगुण सहसा सापडते. ऑडॅसिटी या आवाज भरण्याच्या मोफत प्रोग्रामच्या स्पेक्ट्रम आलेखात ती 52 वर दिसली, तर फीत चार टक्के जोरात पळते आहे. हे तपासताना आपलं मशीन बॅटरीवर चालवा, नाहीतर आजच्या विजेची गुणगुण त्यात मिसळेल. त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सी खालीवर होत असे, म्हणून हा आकडा अंदाजच समजा आणि शेवटी ओळखीच्या माणसाच्या आवाजावरून कानाने ठरवा.

जोडणी सोपी आहे. मशीनच्या हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाच्या लाइन-इनला, मशीनचा आवाज मध्यापेक्षा कमी. आजच्या लॅपटॉपचं एकुलतं भोक हेडफोन आणि माइकसाठी असतं, त्यात आवाज फाटतो. निळं लाइन-इनचं भोक असलेला जुना डेस्कटॉप भंगारात दिला नसेल तर या कामाला तोच उत्तम. ऑडॅसिटीत 24 बिट, 44,100 हर्ट्‌झ, सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आत. फाइल वाव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा, एमपी3मध्ये नाही. स्टेरिओ वाव्हमध्ये 45 मिनिटांची एक बाजू सुमारे 700 एमबी होते, होऊ द्या.

खरखर काढणारं फिल्टर मूळ फाइलवर कधीही चालवू नका. ते खरखरीबरोबर जात्याची घरघर आणि श्वासही खातं. फार वाटलं तर नातेवाइकांना पाठवायला वेगळी प्रत करा. फाइलच्या नावात कोण, कुठे, अंदाजे कोणतं वर्ष हे लिहा आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. कॅसेटही फेकू नका.

सगळ्या कॅसेट झाल्या की स्क्रू मूळ खुणेवर परत आणा, म्हणजे मशीनवर छापील कॅसेट पहिल्यासारख्या वाजतील. वर नेलपॉलिशचा एक थेंब सोडा, स्क्रू हलणार नाही.