कडकड ऐकून भुलू नका: घरासाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर घेताना या चुका टाळा

दिवाळीचे सेल संपले की पुढचे पंधरा दिवस माझ्या दारात माणसं पेट्या घेऊन येतात. पेटी नवी, आतलं मशीन नवं, आणि चेहरा पडलेला. "काका, जरा बघता का? भिंतीत जातच नाहीये." पेटी उघडायच्या आधीच मी सांगतो, "अरे, हे ड्रिल नाही, स्क्रू पिळायचं मशीन आहे, इम्पॅक्ट ड्रायव्हर." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "पण इम्पॅक्ट लिहिलंय ना त्याच्यावर?"

पीथमपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये माझी उभी नोकरी झाली. या यंत्राचा हवेवर चालणारा थोरला भाऊ तिथे रोज हातात असायचा. आता इंदुरात घरी बसून लोकांचे मोडलेले स्क्रू काढतो. तेव्हा एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या दिवाळीला निदान चार पेट्या कमी येतील.

"इम्पॅक्ट" या शब्दावर भाळणं

हॅमर ड्रिल ठोके मारतं ते पुढे, बिटाच्या टोकाच्या दिशेने. म्हणून विटेचा चुरा होत जातो आणि भोक पडतं. इम्पॅक्ट ड्रायव्हरचे ठोके बसतात ते फिरण्याच्या दिशेने. आत एक छोटा घण आहे आणि एक ऐरण. स्क्रू सैल फिरतोय तोवर दोघं गळ्यात गळा घालून फिरतात. स्क्रू अडला की घण स्प्रिंग दाबत मागे सरकतो, ऐरणीच्या कानावरून सुटतो आणि गरकन फिरून पुढच्या कानावर आदळतो. असे मिनिटाला तीन हजारांच्या वर ठोके. आपल्याला ऐकू येते ती कडकड हीच.

याचा फायदा मोठा आहे. जोर तुकड्यातुकड्याने बसतो, त्यामुळे तुमच्या मनगटाला पीळ पडत नाही. ड्रिलने लांब स्क्रू मारताना तो मध्येच अडला की ड्रिल हात मुरगळतं. इथे तसं होत नाही. लांब स्क्रू, जुन्या लाकडातले गंजलेले स्क्रू, गच्चीवरच्या पत्र्याचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, लोखंडी पाइपाचं मांडव-मखर, या कामांत याच्यासारखा गडी नाही. पण भिंतीत गिट्टीसाठी, म्हणजे स्क्रूच्या प्लगसाठी, भोक पाडायचं तर ते याचं कामच नाही. बिट जागच्या जागी गरम होतं, भिंतीवर पांढरा डाग पडतो आणि बॅटरी संपते.

म्हणून घरात आजवर एकही मशीन नसेल तर पहिलं मशीन इम्पॅक्ट ड्रायव्हर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी क्लच असलेलं ड्रिल घ्या, हॅमरची सोय असलेलं. त्याच्या मानेवर आकड्यांची फिरती कडी असते. ३ वर ठेवलं की नाजूक स्क्रू बसल्यावर ते आपणहून सुटतं, टर्रर्र आवाज करतं आणि थांबतं. इम्पॅक्ट ड्रायव्हरला सहसा असली कडी नसते. तिथे क्लच म्हणजे तुमचं बोट. हे वाक्य पेटीवर छापायला हवं, पण छापलं तर खपणार कसं?

बोट न उचलणं

माझा भाचा. हुशार पोरगा, इंदुरातल्याच सुपर कॉरिडॉरला संगणकाची नोकरी. त्याने आईच्या देवघराच्या झडपा बसवायला घेतल्या. देवघर जुन्या सागवानाचं, आजोबांच्या हयातीतलं. बिजागऱ्या पितळी, नव्या आणलेल्या. स्क्रू मात्र घरात पडलेले काळे, जिप्सम बोर्डाचे. आधी भोक? "मामा, व्हिडिओत तर डायरेक्ट मारतात."

व्हिडिओतलं लाकूड पाइन असतं, लोण्यासारखं. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं सागवान म्हणजे वेगळं प्रकरण. पहिले तीन स्क्रू गेले. चौथ्याला कडकड सुरू झाली, डोकं बिजागरीला टेकलं, तरी पठ्ठ्याने बोट उचललं नाही. टक्. डोकं उडून समईजवळ पडलं, धड चौकटीत. काळा स्क्रू कडक केलेला असतो. तो वाकत नाही, सरळ मोडतो. इथपर्यंत ठीक होतं. पण त्याला वाटलं स्क्रूच खराब निघाला, म्हणून त्याने शेजारच्या भोकात दुसरा मारला. तोही मोडला. मग तिसरा. शेवटी बहिणीचा फोन आला, "दादा, ये रे. देव दोन दिवस पाटावर बसलेत."

रविवार गेला. मोडलेला दांडा लाकडाशी सपाट होता, पकडीत येणार तरी काय? दांड्याला लागून चहूबाजूंनी दीड मिलिमीटरची बारीक भोकं पाडली, पटाशीने लाकूड थोडं कोरलं, टोकदार पकडीने दांडा धरून उलटा फिरवला. एक आला. दुसरा आला. तिसरा आतच पुन्हा मोडला. तिन्ही जागी मग आठ मिलिमीटरचं भोक पाडून, तिसऱ्याच्या वेळी उरलेल्या तुकड्यासकट, सागवानाच्याच गुल्ल्या फेविकॉल लावून ठोकल्या. रात्रभर सुकू दिल्या. सकाळी बिजागऱ्या बसवल्या, हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने. वीस मिनिटं लागली.

माझी सवय सांगतो, शास्त्र म्हणून नाही. आठ नंबरचा स्क्रू असेल तर सागवानात तीन मिलिमीटरचं भोक आधी, प्लायमध्ये अडीचचं. प्लायच्या कडेत मारायचा असेल तर भोकाशिवाय हात लावायचा नाही, थर फुटतात. स्क्रूचे आटे मेणबत्तीवर एकदा घासायचे. पितळी स्क्रू असेल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी घालून काढायचा, म्हणजे लाकडात आटे पडतात, आणि मग पितळी हाताने. आणि मशीन वापरताना पहिली कडकड ऐकू आली की बोट अर्धं सैल करायचं. डोकं टेकायला दोन आटे उरले की पूर्ण उचलायचं आणि पुढचं हलक्या टिचक्यांनी. टिक, टिक, बस.

मॉड्युलर स्विचच्या प्लेटा, सॉफ्ट क्लोज बिजागरीचे सोळा मिलिमीटरचे स्क्रू, ऑनलाइन आलेल्या भुशाच्या कपाटाचे लॉक हे सगळं हातानेच. भुशाच्या पाटीत आटे एकदा गेले की परत येत नाहीत. मग काडीपेटीच्या काड्या कोंबत बसावं लागतं.

आकडा मोठा म्हणून मशीन मोठं

याच भाच्याच्या मित्राने ऑनलाइन मागवलेलं मशीन दाखवायला आणलं. बॅटरीवर मोठ्या अक्षरांत ८८ व्हीएफ. "काका, तुमचं तर फक्त अठराचं आहे." मी काही बोललो नाही. कपाटातून मल्टिमीटर काढला, फुल चार्ज बॅटरीच्या टोकांना लावला. वीस पूर्णांक सात. त्याने मीटर हलवून बघितला. मग माझ्या बॅटरीला लावला. तेवढाच.

गणित सोपं आहे. आत लिथियमच्या पाच सेल एकामागे एक असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणजे पाचांचा १८. पूर्ण भरलेली सेल चारच्या थोडी वर जाते, म्हणून कोणी २० लिहितं, कोणी २१. तिन्ही एकच. तसंच बारा व्होल्टचं आणि १०.८ चं; तिथे तीन सेल. आणि ८८ व्हीएफ, १८८ व्हीएफ या आकड्यांतल्या त्या 'एफ'ला काहीही अर्थ नाही. तो फक्त तुमच्यासाठी आहे.

न्यूटन-मीटरचंही, म्हणजे पीळ मोजायच्या आकड्याचंही, तेच. चांगल्या कंपनीचं अठरा व्होल्टचं मशीन साधारण १६० ते १८० सांगतं, बारा व्होल्टचं शंभराच्या आसपास किंवा थोडं वर. हा आकडा जाड बोल्टवर, लोखंडाला लोखंड भिडलेलं असताना, काही सेकंद ठोकत राहिल्यावर मिळतो. घरातला आठ नंबरचा स्क्रू मोडायला बोटांवर मोजण्याइतके न्यूटन-मीटर पुरतात. मग १८० की २२० यावर रात्र रात्र तुलना करून काय साधतं? त्याऐवजी पुढच्या गोष्टी बघा, ज्यांना कोणी विचारत नाही.

वेगाचे दोन-तीन टप्पे बटणावर आहेत का? असले तर घ्याच. सगळ्यात खालच्या टप्प्यावर नवशिक्याचाही हात सुधारतो. ट्रिगर हळू दाबला तर हळू सुरू होतं का, की एकदम उसळतं? नाकापासून पाठीपर्यंत लांबी किती? बारा-तेरा सेंटिमीटर असेल तर किचन ट्रॉलीच्या आत हात घालून वापरता येतं. वजन बॅटरीसकट बघा, कॅटलॉगमधलं नाही. अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो ते; चारवालीत सहसा दोनवालीच्या दुप्पट, म्हणजे दहा सेल असतात, आणि त्या डोक्यावर हात करून पडद्याचे ब्रॅकेट मारताना जाणवतात. घराला दोनवाली पुरते. खरं तर बहुतेक घरांना बारा व्होल्टचंच मशीन पुरतं, पण हे ऐकून लोकांचा विरस होतो.

म्हणून दुकानात जाऊन घ्या. इथल्या सियागंज बाजारात किंवा तुमच्या ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडे जा, खिशात दोन स्क्रू आणि पिशवीत लाकडाचा तुकडा न्या, आणि म्हणा, "भिया, जरा चला के बताओ." जो चालवू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. मी तिथेच विचारतो की कंपनीचं सर्व्हिस सेंटर शहरात कुठे आहे. पत्ता सांगता आला तर पुढचं बोलणं.

बाकीच्या, पटापट

'सोलो' किंवा 'बॉडी ओन्ली' लिहिलेलं स्वस्त दिसलं म्हणून मागवणं. त्यात बॅटरी आणि चार्जर नसतो. दरवर्षी एक तरी माणूस रिकामी पेटी उलटीपालटी करून बघतो.

एका कंपनीचं ड्रिल, दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर. दोन चार्जर, दोन प्रकारच्या बॅटऱ्या, आणि दोन्ही वेळेवर संपलेल्या. कंपनी तीच असली तरीही बघून घ्या: बॉशच्या हिरव्या आणि निळ्या मशीनच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकांना चालत नाहीत, मकिताच्या १८ आणि ४० व्होल्टच्या नाहीत.

मोटर ब्रशलेस आहे की घासून झिजणाऱ्या कार्बन ब्रशांची, याची काळजी. वर्षातून सहा रविवार वापरणाऱ्याला कार्बनवालं पुष्कळ झालं. रोज वापरणाऱ्या सुताराला ब्रशलेस.

दोन-अडीच हजारांच्या पेटीतली शंभर बिटं. त्यातली अर्धी पहिल्याच ठोक्यात गोल होतात आणि स्क्रूचा खड्डाही सोबत नेतात. इम्पॅक्टसाठी बनवलेली, कमरेत बारीक असलेली चार बिटं घ्या. ती कंबर पीळ सोसते. आणि स्क्रूकडे नीट बघा. फुलीच्या मधल्या कोपऱ्यांत चार बारीक रेघा असतील तर ते पीझेड (पोझिड्राइव्ह), नसतील तर पीएच (फिलिप्स). पीएचचं बिट पीझेडमध्ये बसल्यासारखं वाटतं. बसत नाही.

गाडीच्या चाकाचे नट. पाव इंची षट्कोनी दांड्यावर अॅडाप्टर लावून करतात लोक. अॅडाप्टर तुटतो, किंवा नट किती घट्ट बसला हे कळतच नाही. चाकाला पाना, आणि शेवटचा पीळ टॉर्क पान्याने, जो पीळ मोजून देतो.

बॅटरी माळ्यावर टाकणं. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात काय होतं ते इंदूरवाल्यांना सांगायला नको. चाळीस अंशांच्या वर चार्ज करू नका, असं बऱ्याच कंपन्या स्वतःच लिहितात. काम केल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरवर लावली आणि दिवा लुकलुकला तर मशीन बिघडलेलं नाही; ते थंड व्हायची वाट बघतंय. तुम्हीही बघा, चहा घ्या. आणि पूर्ण संपलेली बॅटरी महिनोन्महिने तशीच ठेवू नका. ही चूक माझीच. गणपतीचं मखर सोडवून बॅटरी रिकामीच ठेवली, ती थेट अक्षय्य तृतीयेला आठवली. चार्जरने ओळखच दाखवली नाही. आता अर्धी भरून, आतल्या खोलीच्या कपाटात, सुती पिशवीत.

कानात बोळे न घालणं. बंद कपाटाच्या आत डोकं घालून कडकड ऐकलीत की संध्याकाळपर्यंत कान वाजतात. डोळ्यांना चष्मा हवाच. उडालेलं स्क्रूचं डोकं समईजवळच पडेल असं नाही.

आणि मशीन उसनं देणं. मशीन परत येतं, बिट येत नाही. माझं चांगलं पीएच २ गेल्या पाडव्यापासून भाच्याकडे आहे. त्याला विचारलं की म्हणतो, "मामा, ते तर मशीनलाच होतं."